पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ आणि त्यांचीं पत्रें : ईश्वरी आज्ञेच्या पुराव्याची चिकित्सा

बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. लढाई होऊन दोन पिढ्या लोटल्यावर लिहिलेली बखर सेनापतीचा संकल्प पहिल्या दिवसापासून अढळ होता असें सांगते. त्याच सेनापतीनें लढाईच्या आदल्या आठवड्यांत लिहिलेलें पत्र दाणावैरणीची टंचाई, शिपायांचा थकलेला पगार आणि शेजारच्या सरदाराविषयींचा संशय यांनीं भरलेलें असतें. पुराव्याचा हा तराजू आपण राजकारणाच्या कागदांना नेहमीं लावितों. धर्मविषयक आत्मवृत्तें समोर आलीं म्हणजे मात्र तो खुंटीस टांगून ठेवितों. जो भाविक असेल तो ‘देवानें सांगितलें’ या शब्दांपाशीं हात जोडून थांबतो. जो नसेल तो त्याच शब्दांपाशीं हंसून पान उलटतो. दोघांचेंही वाचन तेथेंच संपतें. ‘देवानें सांगितलें’ असें लिहिणाऱ्या मनुष्यानें तें सांगणें ओळखलें कसें, पारखलें कशावर, आणि त्या निर्णयाची किंमत कोणीं दिली, हे इतिहासाचे प्रश्न आहेत. पंडिता रमाबाईंच्या लिखाणावरून त्यांचीं उत्तरें पुष्कळ अंशीं मिळूं शकतात असें आमचें मत असल्यामुळें हा लेखनप्रपंच.

आम्ही हें टिपण उमरीस बसून लिहीत आहों. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें नांदेड जिल्ह्यांतील गांव सर्वांच्या तोंडीं झालें तें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत, १९४८ च्या जानेवारी महिन्यांत येथील बँकेवर झालेल्या चढाईमुळें. त्या प्रसंगाची कथा आजही सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या तोंडून धाडस ऐकूं येतें, हातीं आलेल्या रकमेचा हिशेब ऐकूं येतो. पण चढाई करावी कीं न करावी या विचारांत ज्या रात्री गेल्या असतील त्यांची घालमेल कथेंत उरत नाहीं. यशानें ती पुसून टाकलेली असते. निर्णयाच्या बाबतींत लोकस्मृति असेंच करिते, आणि भक्ताची स्मृतिही याला अपवाद नाहीं. रमाबाईंच्या कागदांकडे वळण्यास आम्हांस ही जवळची वाट वाटली.

ईश्वराचा कल जाणून घेण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाहीं. मूर्तीला फुलें चिकटवून उजवें पडतें कीं डावें हें पाहणें म्हणजे कौल लावणें. स्वप्नांत देव किंवा गुरु येऊन सांगतो तो दृष्टान्त. तुकोबांस गुरूपदेश स्वप्नांत झाला आणि बहिणाबाईंस तुकोबांचा अनुग्रह स्वप्नांतच झाला, हें संतवाङ्मयाच्या वाचकांस ठाऊक आहे. ख्रिस्ती शास्त्रांतही या प्रकारचीं उदाहरणें आहेत. गिदोनानें खळ्यांत लोंकर ठेवून, तेवढीच दंवानें भिजावी व भोंवतालची जमीन कोरडी राहावी, अशी खूण मागितली. यहूदाच्या जागीं बारावा प्रेषित निवडतांना शिष्यांनीं चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचें नांव निघालें. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या ग्रंथांत त्यानंतर चिठ्ठ्यांचा मार्ग पुन्हा दिसत नाहीं. सुंतेचा वाद यरुशलेमेंत आला तेव्हां वडील मंडळी जमली, हकीकती ऐकल्या, वाद झाला, आणि जो ठराव लिहून पाठविला त्यांत पवित्र आत्म्याचें मत आणि स्वतःचें मत हीं दोन्ही एकाच वाक्यांत जोडलीं. कौलाच्या जागीं विचारविनिमय आला. ख्रिस्ती मनुष्याचा पेंच येथूनच सुरू होतो. कौल चुकला तर फूल चुकलें असें म्हणतां येतें. परंतु प्रार्थना करून, शास्त्र वाचून व चार जणांचा सल्ला घेऊन ठरविलेल्या गोष्टींत आपली इच्छा कोठें संपली आणि ईश्वराची कोठें सुरू झाली हें कोणत्याही बाह्य खुणेनें कळत नाहीं. त्यांतही सल्ला देणारे चार जण हेच आपले गुरु, अन्नदाते आणि परक्या देशांतील एकुलता आधार असले म्हणजे पेंच अधिकच घट्ट बसतो. रमाबाईंची इंग्लंडांतील स्थिति नेमकी अशी होती.

साधनें मुख्यतः दोन आहेत. पहिलें, रमाबाईंनीं १९०७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केलेली ‘साक्ष’; आपल्याला लाभलेल्या अक्षय ठेव्याची साक्ष, अशा अर्थाचें तिचें नांव आहे. तेव्हां त्यांचें वय एकोणपन्नास होतें, केडगांवच्या मुक्तिसदनाचा पसारा उभा होता, आणि १९०५ सालचें तेथील धर्मजागरण नुकतेंच होऊन गेलें होतें. दुसरें साधन म्हणजे वाँटेज येथील मठांतील धर्मभगिनी जेराल्डीन यांनीं जपून ठेवलेला व जुळविलेला पत्रसंग्रह. तो अ. भि. शहा यांनीं संपादिला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं छापला. या दुसऱ्या साधनाविषयीं एक सावधगिरी आधींच सांगितली पाहिजे. जेराल्डीनबाई तटस्थ दप्तरदार नव्हत्या. त्या रमाबाईंच्या धर्ममाता, आणि वादांतील प्रतिपक्षही त्याच. संग्रहांत त्यांनीं स्वतःचीं निवेदनें जोडलेलीं आहेत, व शिष्येच्या हट्टी स्वभावाविषयींची त्यांची खंत त्यांत लपत नाहीं. तथापि प्रतिपक्षानें आपल्याविरुद्ध लिहिलेलीं पत्रें फाडून न टाकतां जपलीं, हे त्यांचे उपकारच होत. रमाबाईंची लहानगी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे, आणि रमाबाईही त्यांना पत्रांत तोच मराठी मायना लिहूं लागल्या. भांडण कोणत्या नात्यांतलें होतें हें त्या एका शब्दावरून समजतें.

आतां प्रसंग एकेक घेऊं. १८८३ सालीं पंचवीस वर्षांची ही विधवा दोन वर्षांची मुलगी व आनंदीबाई भगत ही मैत्रीण यांसह इंग्लंडास निघाली. वैद्यक शिकावें हा हेतु होता. वाँटेजला पोंचल्यावर, बाप्तिस्म्यापूर्वींच, त्यांनीं आपल्या पूर्वायुष्याची जी हकीकत लिहून दिली तींत या प्रस्थानाचा उल्लेख आहे, आणि कोठें जावयाचें हें ठाऊक नसतां निघालेल्या अब्राहामाशीं त्यांनीं आपली तुलना केली आहे. ही नोंद महत्त्वाची. ईश्वरी प्रेरणेची भाषा पुढें केडगांवांत शिकून त्यांनीं मागील आयुष्यावर चढविली, असें म्हणणाऱ्यांस तींत चोख उत्तर आहे. कारण ही भाषा घटनेच्या सालचीच आहे. परंतु त्याच वेळीं हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, प्रवासाचा खर्च त्यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नांतून निघाला. अब्राहामाप्रमाणें निघालेली ही स्त्री तिकिटाचे पैसे स्वतः मिळवून निघाली होती. प्रेरणा आणि तजवीज यांत विरोध मानण्याची आधुनिक संवय त्यांना नव्हती, आणि त्यांचें चरित्र वाचतांना आपणही ती बाजूस ठेवावी.

वाँटेजमध्यें पहिल्या कांहीं महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनीं आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, रमाबाईंनीं व त्यांच्याबरोबर मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. ‘साक्षीं’त रमाबाई आपल्या मतांतराचीं कारणें देतात तीं अशीं : फुलहॅम येथें मार्गभ्रष्ट स्त्रियांस माणसांत आणण्याचें धर्मभगिनींचें कार्य पाहणें, योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचणें, आणि नहेम्या गोरे यांच्या लिखाणानें शंका फिटणें. यांत स्वप्न नाहीं, आकाशवाणी नाहीं. डोळ्यांनीं पाहिलेलें एक काम, एक वाचलेली गोष्ट व एका जुन्या शास्त्र्याचा युक्तिवाद, एवढाच ऐवज आहे. मैत्रिणीच्या मृत्यूचा भार त्या निर्णयावर किती पडला हा प्रश्न चरित्रकारांनीं विचारला आहे व तो रास्त आहे. पण केवळ दुःखाच्या धक्क्यानें त्या धर्मांतराकडे ढकलल्या गेल्या असें जे म्हणतात त्यांस पुढील दोन वर्षांच्या पत्रांचा मेळ घालतां येणार नाहीं. धक्क्यानें वाकलेलें मन इतक्या हिशेबानें वाद घालीत नाहीं.

तो वाद १८८४ व १८८५ या दोन सालांतला. बहिरेपणामुळें वैद्यकाचा विचार सोडावा लागला होता, आणि रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत डोरोथिया बील यांच्या देखरेखीखालीं शिकत व शिकवीत होत्या. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें अशी एक सूचना निघाली, आणि त्यावर वाँटेजच्या मठानें हिंदुस्थानांतील बिशपांचें मत मागविलें. बिशपांनीं निषेध कळविला. अशानें रमाबाईंचें हिंदुस्थानांतील भावी कार्य बिघडेल असें त्यांचें म्हणणें. रमाबाईंचें उत्तर वाचण्यासारखें आहे. आईनें व आपण पुरुषांसमोर अध्यापन करावें यास आपल्या शास्त्री पित्यानें वा पतीनें कधीं हरकत घेतली नाहीं, आणि ती हरकत सुधारलेल्या इंग्रज लोकांनीं घ्यावी याचें त्यांस आश्चर्य वाटलें. हा टोला खराच. पण वादाचें मर्म त्याहून खोल आहे. आपल्याविषयींचा निर्णय आपल्याला न विचारतां, आपल्याला न पाहिलेल्या धर्माधिकाऱ्यांकडे सोंपविला जावा, आणि त्यांचें मत हीच ईश्वराची इच्छा म्हणून आपण डोकें लववावें, ही अपेक्षा त्यांनीं साफ नाकारली. १८८५ सालच्या मे महिन्यांतील पत्रांत त्यांचा आशय असा आहे कीं, हिंदुस्थानांतील पुरोहितवर्गाच्या जुवाखालून आपण मोठ्या प्रयासानें मान काढली ती तशाच दुसऱ्या जुवांत घालण्यासाठीं नव्हे. पाळकाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द परमेश्वराचा हुकूम मानणें आपल्याच्यानें होणार नाहीं.

येथें जेराल्डीनबाईंचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. आमच्या मतें ती आजवर कोणीं नीट ऐकलेली नाहीं. त्यांचा आक्षेप असा : नुकत्याच धर्मांत आलेल्या, तल्लख बुद्धीच्या व एकटीनें वागण्यास सरावलेल्या स्त्रीनें आपल्या प्रत्येक इच्छेस ‘विवेक’ असें नांव दिलें तर तिला अडविणार कोण? मंडळीची आज्ञा हें बाहेरचें माप आहे. तें टाकून दिलें म्हणजे मापणारी आणि मापली जाणारी एकच. हा आक्षेप पुरोहितशाहीच्या मस्तींतून आलेला नाहीं. ईश्वरी मार्गदर्शनाचा जो कोणी दावा करील त्याला तो पुसावाच लागेल. रमाबाईंनीं त्याला तत्त्वरूपानें कोठेंही पुरें उत्तर दिलेलें नाहीं. बीलबाईंस लिहिलेल्या पत्रांत त्या त्रैक्याविषयीं, अथनासिअसच्या मतांगीकाराविषयीं व चमत्कारांविषयीं एकामागून एक शंका मांडतात, आणि प्रत्येक ठिकाणीं एकच हट्ट धरितात : शास्त्र मी स्वतः वाचीन, व मला त्यांत जें दिसेल तेवढेंच कबूल करीन. वादी म्हणून त्या प्रबळ आहेत. साधक म्हणून त्या या काळांत अद्याप चांचपडत आहेत, आणि हें आम्ही म्हणतों असें नव्हे. बाईंनीं स्वतःच पुढें म्हटलें आहे, त्याकडे येऊंच.

तत्पूर्वीं एक लहानशी गोष्ट. धर्मभगिनींच्या पंथांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें असत. रमाबाईंनीं तीं नकोत म्हणून लिहिलें. ती भाषा आपल्यालाही येत नाहीं व आपल्या देशभगिनींनाही येणार नाहीं, अक्षरें हवींच असतील तर संस्कृत असावींत, असें त्यांचें म्हणणें. वाचणारास हा पोरकट हट्ट वाटेल. आम्हांस मात्र यांतच त्यांची कसोटी दिसते. आज्ञा देवाची असेल तर ती ज्यांच्यासाठीं मला दिली आहे त्यांना कळेल अशा भाषेंत असली पाहिजे. जें हिंदी स्त्रीला उमगणार नाहीं, पटणार नाहीं, किंवा तिच्या कामास येणार नाहीं, तें मोठ्या अधिकाऱ्याच्या मुखांतून आलें तरी रमाबाईंना ईश्वराचें वाटत नाहीं. जेराल्डीनबाई ज्या बाहेरच्या मापाविषयीं विचारीत होत्या तें माप रमाबाईंपाशीं नव्हतें असें नाहीं. तें वाँटेजमध्यें नव्हतें इतकेंच. १८८६ च्या आरंभीं मठाच्या नापसंतीस न जुमानतां त्या अमेरिकेस गेल्या, आप्त आनंदीबाई जोशी यांचा वैद्यकीच्या पदवीचा समारंभ त्यांनीं पाहिला, आणि थोड्या दिवसांचा बेत दोन वर्षांहून अधिक लांबला. त्या मुक्कामांतून उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें त्यांचें इंग्रजी पुस्तक, बॉस्टनची रमाबाई असोसिएशन आणि तिनें दहा वर्षांसाठीं दिलेलें द्रव्यसाहाय्य निघालें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. हा सर्व भाग सुपरिचित असल्यानें आम्ही येथें रेंगाळत नाहीं.

आतां ‘साक्षी’कडे परत येऊं, कारण तिच्या मूल्याविषयीं आमचें मत येथें बदललें. पूर्वीं आम्हीं ती एकदां घाईनें चाळली होती आणि ‘भाविक बखर’ म्हणून बाजूस सारली होती. ती आमची चूक होती. ‘साक्षीं’त रमाबाई स्पष्ट सांगतात कीं, बाप्तिस्मा घेतल्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला असें आढळून आलें कीं ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाच्या आत्मवृत्तानें आपले डोळे उघडले असेंही त्या नमूद करितात. पुराव्याच्या दृष्टीनें या कबुलीचें वजन पाहावें. १८८३ च्या बाप्तिस्म्यावरून पुण्यामुंबईच्या पत्रांनीं त्यांच्यावर गहजब केला होता; १८९३ सालीं सदनांतील मुलींच्या धर्मशिक्षणावरून रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें होतें आणि ‘केसरी’नें सदनावर टीकेचा भडिमार केला होता. अशा स्त्रीनें आपला पहिला निर्णय पहिल्यापासून निर्मळ व परिपूर्ण होता असें लिहिणें सोयीचें होतें. त्याऐवजीं ती आपल्या शत्रूंच्या हातीं कोलीत देते. स्वतःच्या हिताविरुद्धची कबुली साक्षीदारास विश्वसनीय ठरविते, हा नियम आपण बखरकारासही लावितों. एवढेंच नव्हे, तर १८८५ च्या जेराल्डीनबाईंच्या आक्षेपाला हें बावीस वर्षांनीं दिलेलें उत्तर आहे : तुम्ही म्हणत होतां तें थोडें खरें होतें, माझ्या विवेकांत माझी बुद्धि फार होती. परंतु उत्तर देतांना त्या मठाच्या आज्ञेखालीं परत जात नाहींत.

१८९६-९७ च्या दुष्काळाचा प्रसंग या सर्वांत आम्हांस अधिक बोलका वाटतो. मध्यप्रांतांत माणसें मरत असल्याच्या वार्ता येऊं लागल्या, आणि तेथें जाऊन अनाथ मुली आणाव्या अशी देवाची आपल्याला आज्ञा झाली, असें बाई लिहितात. त्यांतील सुमारें तीनशे मुली त्यांच्या छत्राखालीं आल्या. भाविक चरित्रकार येथें हर्षानें थांबतात. पण या आज्ञेचे पाझर कोठकोठून आले तें पाहावें. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत रमाबाईंच्या पित्यानें, मातेनें व वडील बहिणीनें उपाशीं प्राण सोडले होते. भावाबरोबर अनवाणी हिंडतांना त्यांनीं स्वतः भूक सोसली होती. दुष्काळाची वार्ता वाचून इतरांस दया आली असेल, त्यांना ओळख पटली. दुसरें, केडगांवची जमीन त्यांनीं आधींच घेऊन ठेविली होती, आणि ती दुष्काळासाठीं घेतलेली नव्हती. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत १८९८ सालीं भरणार, त्यापूर्वीं फळबागेच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायांवर उभें राहावें, हा चोख व्यवहारी हेतु त्यामागें होता. तिसरें, पुण्यांत प्लेग आला, आणि नव्या मुली शहरांत आणण्यास अधिकाऱ्यांनीं मज्जाव केला. म्हणून मुली केडगांवच्या माळावर आल्या. ‘मुक्ति’ तेथें वसली ती अशी. म्हणजे जुनी भूक, नव्या उत्पन्नाची तजवीज आणि सरकारी मनाई हे तीन धागे एकत्र आले, आणि त्यांच्या विणीला बाईंनीं आज्ञा म्हटलें. संशयी वाचक म्हणेल, मग आज्ञा उरली कोठें? आम्ही उलट विचारतों : हेच तीन धागे हातीं असतांना घरीं बसणें शक्य होतें कीं नाहीं? असोसिएशनचा पैसा थोड्या विधवांच्या शिक्षणासाठीं होता, दुष्काळग्रस्त पोरींसाठीं नव्हता. हिशेबानें पाहतां न जाणेंच शहाणपणाचें होतें. कारणें मोजून झाल्यावर जो उंबरठा ओलांडावयाचा राहतो, त्या एका पावलासाठीं बाईंनीं तो शब्द राखून ठेविलेला दिसतो. बहिरेपणास त्यांनीं आज्ञा म्हटलेलें नाहीं, प्लेगच्या हुकुमासही नाहीं.

मात्र या पावलाची किंमत नेहमीं पाऊल टाकणारानेंच दिली असें नाहीं, आणि येथें आमची रमाबाईंच्या चरित्रकारांशीं तक्रार आहे. हेलन डायर, मॅकनिकल, तसेंच १९६० सालीं ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ लिहिणारे देवदत्त नारायण टिळक यांनीं परिश्रम केले यांत शंका नाहीं. उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांनीं अलीकडे केलेलें काम तर पायाभूतच आहे. परंतु मनोरमेचा प्रश्न जितका लांबवर न्यावयास हवा तितका नेलेला आम्हांस दिसत नाहीं. दोन वर्षांच्या पोरीचा बाप्तिस्मा आईच्या निर्णयाबरोबर झाला. आई अमेरिकेंत असतां पोर वाँटेजला परत गेली. तिला कोणत्या मतानें वाढवावें यावर आई व आजीबाई यांचा पत्रांतून झगडा चालला. जी स्त्री आपला निर्णय दुसऱ्या कोणीं घेऊं नये म्हणून बिशपांशीं भांडली, तिच्या मुलीच्या आयुष्याचे मोठे निर्णय आईच्या आज्ञांतून ठरत गेले. मनोरमेनें ते मनापासून स्वीकारले, मुक्तीचा भार उचलला, निजामाच्या राज्यांतील गुलबर्ग्याच्या शाळेचें काम पाहिलें, आणि १९२१ सालीं, चाळिसाव्या वर्षीं, आईच्या आधीं ती वारली.

ही दुसऱ्यानें भरलेली किंमत मराठींत उघड्या शब्दांत लिहिली ती लक्ष्मीबाई टिळकांनीं. नारायण वामन टिळकांस १८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानें नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ही आज्ञा टिळकांस झाली. ती घरांत कोणास विचारून झालेली नव्हती. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊक आहे कीं पुढचीं वर्षें लक्ष्मीबाईंनीं विरहांत, नातलगांच्या दारीं, लहान मुलास घेऊन कशीं काढलीं. त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं. पतीकडे येऊन, वेगळी चूल मांडून, एकेक निर्बंध आपल्या मनानें सैल करीत. पतीचा निर्णय विजेसारखा, पत्नीचा दुधाला विरजण लागावें तसा. दोघांनींही त्यास ईश्वराचेंच काम मानलें. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला तेव्हांही घरखर्चाचें काय हा प्रश्न त्या दरबारांत नव्हे, लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरांत सुटावयाचा होता. ईश्वरी आज्ञेच्या इतिहासास ‘स्मृतिचित्रां’हून चांगला पूरक ग्रंथ नाहीं, आणि तो विनोदानें भरलेला असावा हें आम्हांस फार सयुक्तिक वाटतें.

रमाबाईंविषयीं दोन तट पडले आहेत ते या दृष्टीनें सारखेच उणे आहेत. पहिला ‘साक्ष’ वाचतो व पत्रें टाळतो. त्याला १८८३ पासून १९२२ पर्यंत एक सरळ रेघ दिसते. दुसरा पत्रांतील बंडखोर स्त्री उचलून घेतो व केडगांवची प्रार्थना करणारी बाई ही तिची उतरती कळा समजतो. पण वाँटेजला बिशपांस नकार देणारी आणि केडगांवला मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत पवित्र शास्त्र उतरवीत मरेपर्यंत बसलेली स्त्री एकच आहे. क्रुसावर लॅटिन नको म्हणणारीनेंच पुढें सबंध शास्त्र खेड्यांतील बायकांना कळेल असें करावयास घेतलें. तें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालें. भाषांतर म्हणून तें ओबडधोबड आहे, कांहीं ठिकाणीं दुर्बोधही आहे. पण हट्ट चाळीस वर्षांपूर्वींचाच.

मराठवाड्यापुरतें एक सांगून आटोपतों. आमच्या भागांतही हा विषय निराधार नाहीं. १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढें जालन्यास आले, आणि सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसविली. याकोबाला जेथें स्वप्नांत स्वर्गाला टेंकलेली शिडी दिसली त्या ठिकाणाचें हें नांव. वस्तीच्या उभारणींत मात्र प्रार्थनेइतकीच दिवाणाची जमीनही आहे, आणि ती जमीन कोणत्या अर्जविनंत्यांनीं मिळाली तें तपासल्यावांचून बेथेलचा इतिहास पुरा होणार नाहीं. जालना, औरंगाबाद, नांदेड या बाजूंच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांत पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूंच्या नोंदी, पाळकांस लिहिलेल्या पत्रांच्या नकला, घर सोडून आलेल्या पूर्वजांस भावांनीं लिहिलेलीं रागाचीं पत्रें असण्याचा संभव आहे. अशीं पत्रें धर्माचीं म्हणून देव्हाऱ्यांत किंवा भांडणाचीं म्हणून चुलींत जाऊं नयेत. ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं मूळ कागद आपल्यापाशींच ठेवून त्यांच्या प्रती मंडळाकडे पाठवाव्या. निर्णय झाल्यानंतरचीं, समाधानानें लिहिलेलीं पत्रें असतील तर ठीकच. पण लिहिणाराचें अद्याप ठरलेलें नाहीं अशीं जीं असतील तीं आधीं पाठवावीं.